बांधकामावरील स्त्रिया : घाम दोघांचा, हजेरी एकाची

नवी दिल्ली : सकाळी सात-साडेसातच्या सुमारास देशातील कोणत्याही मोठ्या शहराच्या मजूर नाक्यावर गेल्यास एक गोष्ट सहज लक्षात येते. गवंड्याच्या पिशवीतून थापी आणि ओळंबा डोकावत असतो, रंगाऱ्याच्या हाती ब्रश असतो, सुताराजवळ करवत असते. आपले कसब काय, हे सांगण्याची त्यांना गरज पडत नाही. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या स्त्रियांजवळ मात्र जेवणाचा डबा आणि डोक्यावरच्या चुंबळीसाठी घेतलेले जुने कापड एवढेच असते. ठेकेदार येतो, गवंड्याशी भाव ठरवतो आणि निघताना सांगतो, ‘सोबत दोन बाया घे.’ त्या स्त्रियांशी कामाविषयी किंवा मजुरीविषयी तो एक शब्दही बोललेला नसतो.

शेतीखालोखाल देशात सर्वाधिक रोजगार देणाऱ्या क्षेत्रांमध्ये बांधकामाची गणना होते. या क्षेत्रातील स्त्रियांसाठी समान वेतनाचा कायदा 1976 पासून आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये स्वतंत्र कायदा झाला. पाळणाघर, प्रसूतिसाहाय्य, शौचालय, लैंगिक छळाविरुद्ध संरक्षण या सर्वांची तरतूद कागदावर आहे. तरीही पिढ्यानपिढ्या घमेले वाहणाऱ्या स्त्रीपर्यंत यातील फारच थोडे पोहोचते. याची कारणे अनेक आहेत. मात्र त्यांपैकी बहुतेकांचे मूळ एकाच जागी सापडते. तिने काम केले, याची तिच्या स्वतःच्या नावाने कुठेही नोंद होत नाही.

नावातच ठरलेला दर्जा

बांधकामावरील स्त्रीसाठी निरनिराळ्या भाषांत जे शब्द रूढ आहेत, ते पुरेसे बोलके आहेत. मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि झारखंडमध्ये तिला ‘रेजा’ म्हणतात. तमिळनाडूत ती ‘चित्ताळ’, म्हणजे लहान मजूर, तर अकुशल पुरुष ‘पेरियाळ’, म्हणजे मोठा मजूर. महाराष्ट्रात ती ‘बिगारी’ असते किंवा नुसतीच ‘बाई’. गवंड्याच्या हाताखालचा मुलगा चार-सहा वर्षांत गवंडी होतो. बिगारी म्हणून आलेली स्त्री वीस वर्षांनंतरही बहुधा बिगारीच राहते.

यासाठी शारीरिक क्षमतेचे कारण नेहमी पुढे केले जाते. परंतु प्रत्यक्ष कामाची वाटणी पाहिली, तर ते फारसे टिकत नाही. वाळू, खडी, विटा आणि कालवलेला माल डोक्यावर घेऊन जिने चढणे हे स्त्रियांचे काम मानले जाते. ओळंबा लावणे, वीट बसवणे, गिलावा करणे हे पुरुषांचे. जास्त ताकद लागणारे काम कमी मजुरीचे आणि जास्त कसब लागणारे काम अधिक मजुरीचे, अशी ही विभागणी आहे.

खरा अडसर काम शिकण्याच्या पद्धतीत आहे. भारतात गवंडीकाम प्रामुख्याने शाळेत शिकले जात नाही. ते काका, मामा, भाऊ किंवा गाववाल्याच्या हाताखाली शिकले जाते. दुपारच्या सुटीत किंवा काम संपताना एखादी थर उमेदवाराच्या हाती दिली जाते, चुकली तर उतरवून पुन्हा लावायला सांगितली जाते. त्याच वेळी स्त्री मुलाला दूध पाजत असते, चूल पेटवत असते किंवा पाणी आणायला गेलेली असते. नात्यागोत्यातील पुरुषांच्या टोळीत परक्या पुरुषाकडून काम शिकणे समाजाला मान्य नसते आणि घरचा पुरुष तिला शिकवण्यात वेळ घालवत नाही, कारण तिने माल वाहिला नाही तर त्याचे स्वतःचे काम अडते. थापी हाती न आल्यामुळे ती अकुशल ठरते आणि अकुशल ठरल्यामुळे थापी तिच्या हाती येत नाही.

जोडीची मजुरी

स्थलांतरित कुटुंबांत अडचण आणखी एक पायरी पुढे जाते. दाहोद, झाबुआ, बांसवाडा या आदिवासीबहुल जिल्ह्यांतून गुजरातच्या शहरांकडे जाणारी कुटुंबे अनेकदा जोडीने कामाला लागतात. चर खोदणे किंवा माती भरणे यांसारख्या कामांत मजुरी मीटरवर किंवा खेपेवर ठरते आणि ती कुटुंबप्रमुखाच्या हाती पडते. महाराष्ट्रातील वाचकाला ही रीत नवी वाटू नये. ऊसतोडीत पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो; बांधकामावरील जोडीचा हिशेबही त्याच जातीचा आहे. पत्नीचा वाटा किती, हे कोणी काढत नाही. त्यामुळे तिला कमी मजुरी दिली, असा आरोपही सिद्ध करता येत नाही.

1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत सुरू असलेल्या बांधकामांवर नेमके हेच घडत होते. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने तीच याचिका मानली. त्या वेळी किमान वेतन दिवसाला 9 रुपये 25 पैसे होते. ठेकेदार जमादारांमार्फत मजूर आणत आणि जमादार माणशी 1 रुपया दलाली कापून 8 रुपये 25 पैसे हाती ठेवत. स्त्रियांना मात्र 7 रुपयेच दिले जात असल्याची तक्रार होती.

न्यायमूर्ती पी. एन. भगवती आणि न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांच्या खंडपीठाने सप्टेंबर 1982 मध्ये दिलेल्या निकालात, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले श्रम हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 नुसार सक्तीचे श्रम ठरतात, असे स्पष्ट केले. ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकार आपली जबाबदारी टाळू शकत नाही, असेही न्यायालयाने बजावले. चार दशकांनंतरही त्या निकालातील साखळी ओळखीची वाटते : वर विकासक, त्याखाली ठेकेदार, त्याखाली उपठेकेदार, मग मुकादम, मग कुटुंबप्रमुख. प्रत्येक पायरीवर काही ना काही गळते आणि सर्वांत शेवटी असलेल्या व्यक्तीचे नाव वरच्या कागदापर्यंत पोहोचत नाही.

नव्वद दिवसांचे कोडे

1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने राज्यांमध्ये कल्याणकारी मंडळांची रचना केली. केरळने 1989 मध्ये कायदा करून आणि तमिळनाडूने 1994 मध्ये स्वतंत्र मंडळ स्थापून त्यापूर्वीच या दिशेने पाऊल टाकले होते. मंडळांचा निधी उपकरातून उभा राहतो. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का दराने तो आकारला जातो. म्हणजे 10 कोटी रुपये खर्चाच्या इमारतीमागे 10 लाख रुपये कामगारांसाठी जमा होतात. या निधीतून निवृत्तिवेतन, अपघातसाहाय्य, मुलांसाठी शिष्यवृत्ती आणि स्त्रियांसाठी प्रसूतिसाहाय्य देता येते. महाराष्ट्राच्या मंडळाच्या योजनेत पहिल्या दोन अपत्यांसाठी नैसर्गिक प्रसूतीस 15 हजार आणि शस्त्रक्रियेद्वारे प्रसूतीस 20 हजार रुपयांची तरतूद आहे.

मात्र लाभ मिळतो तो नोंदणीकृत कामगाराला. नोंदणीसाठी वय 18 ते 60 दरम्यान असावे लागते आणि आधीच्या 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला द्यावा लागतो. स्त्रीचे कोडे इथून सुरू होते. नाक्यावरची स्त्री आज एका ठेकेदाराकडे, तर उद्या दुसऱ्याकडे काम करते. यांपैकी कोणीही तिला 90 दिवस ओळखत नसतो. मोठ्या प्रकल्पावरील स्त्रीचा मुकादम तिच्या पतीचे नाव लिहितो. दाखला देणे म्हणजे ती आपल्याकडे कामाला होती हे मान्य करणे आणि ते मान्य केले की किमान वेतन, अपघाताची भरपाई, पाळणाघर यांची जबाबदारी येते. त्यामुळे ठेकेदार दाखला द्यायला नाखूश असतो. ग्रामसेवक किंवा पालिकेकडून दाखला मिळवण्याचा पर्याय काही राज्यांत आहे. परंतु परराज्यातून आलेल्या, भाषा न येणाऱ्या स्त्रीसाठी एका कार्यालयीन फेरीचा अर्थ बुडालेला एक रोज असा होतो.

निधी जमा होतो आणि कामगारापर्यंत पोहोचत नाही, ही विसंगती सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मधील निकालात कठोर शब्दांत नोंदवली. तोवर 37 हजार 400 कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला होता आणि त्यांपैकी सुमारे 9 हजार 500 कोटी रुपयेच खर्च झाले होते. न भरलेल्या अर्जांचा, न मिळालेल्या दाखल्यांचा परिणाम या दोन आकड्यांमधील अंतरात दिसतो.

मूल, पाणी आणि चुंबळ

1996 च्या कायद्यानुसार 50 पेक्षा अधिक स्त्री कामगार असलेल्या ठिकाणी सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आवश्यक होते. या अटीतून सुटणे अवघड नव्हते. एका प्रकल्पावर दहा उपठेकेदार असतील, तर कोणाच्याही हजेरीपटावर 50 स्त्रिया दिसत नाहीत. पतीच्या नावाखाली काम करणाऱ्या स्त्रियांची तर मोजणीच होत नाही. परिणामी, वाळूच्या ढिगाऱ्याशेजारी झोळीत झोपलेले तान्हे मूल आणि त्याच्याकडे लक्ष ठेवणारी सहा-सात वर्षांची बहीण हे दृश्य देशभर दिसते. त्या मुलीची शाळा तिथेच सुटते आणि पुढे बऱ्याचदा तिच्याही डोक्यावर घमेले येते.

हाच प्रश्न पाहून मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागेवर पाळणाघर सुरू केले. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त राजघाटाजवळ प्रदर्शनाची उभारणी चालू होती आणि मजुरांची मुले धुळीत खेळत होती. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘मोबाइल क्रेशेस’च्या कामाने पुढे मुंबई आणि पुण्यातही मूळ धरले. इमारत पूर्ण झाली की पाळणाघर पुढच्या बांधकामावर हलते. योग्य जागा, पाणी आणि थोडा निधी मिळाल्यास बांधकामाच्या ठिकाणी मुले सुरक्षित ठेवता येतात, हे या प्रयोगांनी अनेक दशके दाखवून दिले आहे.

शौचालयाची गोष्टही अशीच. तात्पुरती शौचालये आणि पिण्याचे पाणी पुरवणे मालकावर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात अनेक लहान बांधकामांवर आडोसादेखील नसतो. स्त्रिया दिवसभर पाणी कमी पितात. लघवी दाबून धरल्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. मासिक पाळीच्या दिवसांत काहींना खाडा करावा लागतो आणि त्या दिवसाची मजुरी जाते. रात्री पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या स्त्रीसाठी अंधारात बाहेर जाणे हा सुरक्षेचाही प्रश्न असतो.

सुरक्षा साधनेसुद्धा पुरुष कामगार गृहीत धरून आखलेली असतात. डोक्यावर ओझे नेण्यासाठी स्त्रियांना चुंबळ लागते. चुंबळीवर घमेले आणि त्याच डोक्यावर हेल्मेट, असे एकाच वेळी शक्य नाही. मग हेल्मेट बाजूला पडते आणि अपघात झाल्यास ‘तिने ते घातले नव्हते’ असा शेरा मारला जातो. बूट आणि हातमोजेही बहुधा पुरुषांच्या मापाचेच आणले जातात.

तक्रार कोणाकडे?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात असंघटित स्त्रियांचा विचार झाला आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी, तसेच खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असल्यास, जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे दाद मागता येते. परंतु ही समिती कुठे बसते, याचा फलक बांधकामाच्या जागी क्वचितच असतो. मुकादमच रोजगार देतो, तोच राहायला जागा देतो, उचलही त्याच्याकडूनच घेतलेली असते. अशा वेळी तक्रार करणे म्हणजे पूर्ण कुटुंबाचे काम आणि छप्पर एकाच दिवशी पणाला लावणे होय. आपण तिथे कामाला होतो हेच सिद्ध करता येत नसेल, तर धाडस करूनही हाती फारसे लागत नाही.

यंत्रे आली, बाया कमी झाल्या

पूर्वी स्लॅब टाकण्याच्या दिवशी घमेल्यांची साखळी लागत असे आणि त्या साखळीत स्त्रियांची संख्या मोठी असे. आता तयार काँक्रीट गाडीतून येते आणि पंपाने वर चढते. वाहतुकीच्या कामाचे यांत्रिकीकरण सर्वांत आधी होते आणि स्त्रिया प्रामुख्याने त्याच कामात होत्या. क्रेन, पंप किंवा लिफ्ट चालवण्यासाठी ज्यांना शिकवले जाते ते बहुतांशी पुरुष असतात. मोठ्या कंपन्यांच्या मजूर वसाहतींत एकट्या पुरुषांना ठेवणे सोपे पडते, म्हणून कुटुंबासह येणाऱ्यांना काम मिळणे कठीण होते. कष्ट कमी करणारे यंत्र इष्टच आहे. पण कसब शिकवल्याविना यंत्र आले, तर कष्टाबरोबर रोजगारही जातो.

या क्षेत्राच्या वरच्या स्तरावर स्त्रियांनी आपले नाव कोरले आहे. मुंबईच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेतून 1953 मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या शकुंतला भगत यांनी पूलबांधणीत स्वतःचे तंत्र विकसित केले. जम्मू-काश्मीरमधील चिनाब रेल्वे पूल जून 2025 मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापक जी. माधवी लता यांनी त्याच्या भू-तांत्रिक कामासाठी अनेक वर्षे सल्लागार म्हणून योगदान दिले. पदवी आणि नियुक्तिपत्र हाती असेल, तर या क्षेत्रात स्त्रीचे काम ओळखले जाते. खालच्या स्तरावरील स्त्रीकडे यांपैकी कोणताही कागद नसतो.

जिथे नाव लागले, तिथे चित्र बदलले

नोंदीने काय साधते, याची उदाहरणे देशातच आहेत. दिल्ली महापालिकेत रोजंदारीवर चर खोदणे, रस्ते करणे अशी कामे करणाऱ्या स्त्रियांनी प्रसूतिरजेची मागणी केली. त्या कायम नोकरीत नाहीत, असा पालिकेचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2000 मध्ये तो फेटाळला आणि रोजंदारीवरील स्त्रियांनाही प्रसूतिलाभ कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. त्या स्त्रियांचे बळ एवढेच होते की, त्यांची नावे पालिकेच्या मस्टरवर होती.

महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि रस्ते, तलाव करणाऱ्या स्त्रियांनी रोजगार हमीची कामे उभी केली. 1977 मध्ये राज्याने त्यासाठी कायदा केला. 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात किमान एक तृतीयांश लाभार्थी स्त्रिया असाव्यात, असे बंधन होते. प्रत्यक्षात अनेक वर्षे स्त्रियांचा वाटा निम्म्याहून अधिक राहिला. तिथेही मातीच उचलायची होती, उन्हातच काम करायचे होते. पण हजेरी तिच्या नावाची होती आणि मजुरीचा दर पुरुषाइतकाच होता.

झारखंडमधील अनुभव याहून पुढचा आहे. स्वच्छ भारत मोहिमेत गावोगावी शौचालये बांधायची होती आणि गवंडी तर कामासाठी परराज्यांत गेलेले. तेव्हा बचत गटांतील स्त्रियांना गवंडीकाम शिकवण्यात आले. पुरुष गवंड्याला तिथे ‘राजमिस्त्री’ म्हणतात. या स्त्रिया ‘रानी मिस्त्री’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. ज्या हातांना पिढ्यानपिढ्या थापी मिळाली नव्हती, त्यांनी हजारो शौचालये उभी केली. शिकवणारा नात्यातला पुरुष नव्हता, काम गावातच होते आणि ते थेट त्यांच्या नावाने मिळत होते. शहरी बांधकामात या तिन्ही गोष्टींचा अभाव असतो.

ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलचा दाखलाही महत्त्वाचा आहे. असंघटित कामगाराला तिथे स्वतःच्या निवेदनावर नोंदणी करता येते; मालकाचा दाखला लागत नाही. सर्व व्यवसाय मिळून तिथे झालेल्या 30 कोटींहून अधिक नोंदींमध्ये निम्म्याहून जास्त स्त्रिया आहेत. दाखल्याची अट नसेल तर स्त्रिया नोंदणीसाठी पुढे येतात, हे यावरून दिसते.

नव्या संहिता काय बदलतील?

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या असून जुने कायदे त्यांत सामावले गेले आहेत. वेतन संहितेने लिंगाधारित वेतनभेदाला मनाई केली आहे आणि वेतनचिठ्ठी देणे आवश्यक केले आहे. व्यावसायिक सुरक्षा संहितेने कामगाराला नियुक्तिपत्र देण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. पाळणाघरासाठी आता केवळ स्त्री कामगारांची नव्हे, तर एकूण कामगारांची संख्या पाहिली जाणार आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे 50 स्त्रिया नाहीत’ ही सबब पुढे करता येणार नाही. स्त्रियांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेच्या अटींसह रात्रपाळीत काम करण्याची मुभा मिळाली आहे.

त्याचबरोबर, कल्याणकारी मंडळाकडील नोंदणीसाठी 90 दिवसांची अट कायम आहे. स्वतःच्या निवासासाठी केलेले आणि 50 लाख रुपयांपर्यंत खर्चाचे बांधकाम या तरतुदींच्या कक्षेबाहेर राहते; पूर्वी ही मर्यादा 10 लाख रुपये होती. नाक्यावरच्या स्त्रियांना काम मिळते ते बव्हंशी अशाच लहान बांधकामांवर. म्हणजे ज्यांना संरक्षणाची निकड अधिक, त्यांतील मोठा वर्ग नियुक्तिपत्राच्या या तरतुदीपासून दूरच राहण्याची शक्यता आहे.

यावर करता येण्याजोगे उपाय फार खर्चिक नाहीत. बांधकाम परवान्याबरोबरच मंडळाच्या कर्मचाऱ्याने जागेवर जाऊन पती आणि पत्नी यांची वेगवेगळी नोंदणी करावी. जोडीच्या कामातही मजुरी दोन स्वतंत्र खात्यांत जमा व्हावी. नाक्यांवर ठरावीक दिवशी शिबिर घेऊन स्वयंघोषणेवर कामाचे दिवस मोजले जावेत. उपकराच्या निधीतून स्त्रियांना गवंडीकाम, फरशीकाम आणि यंत्रचालनाचे सवेतन प्रशिक्षण मिळावे, म्हणजे शिकण्यासाठी रोज बुडवावा लागणार नाही. प्रत्येक बांधकामाच्या फलकावर विकासक आणि वास्तुविशारद यांच्या नावांखाली मंडळाचा आणि स्थानिक समितीचा संपर्क क्रमांक असावा.

राज्य सरकारे नव्या संहितांच्या अंमलबजावणीची घडी बसवत असताना या सूचनांचा विचार होऊ शकतो. त्याचे यश तपासण्याची कसोटी साधी आहे. एखाद्या बांधकामावर जाऊन हजेरीपट मागावा, त्यावरील स्त्रियांची नावे मोजावीत आणि मग मान वर करून परांचीखाली घमेले घेऊन उभ्या असलेल्या स्त्रिया मोजाव्यात. आज हे दोन आकडे बहुतेक ठिकाणी जुळणार नाहीत.